नाव धरून ठेवणारी माणसं

१९८०च्या दशकात एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, सगळ्यांत जास्त गुण कुणी केले, असं बास्केटबॉलच्या एखाद्या पक्क्या शौकिनाला विचारून बघा. लॅरी बर्ड, करीम अब्दुल-जब्बार, मोझेस मलोन, डॉमिनिक विल्किन्स, मग थोडं चाचरत मायकल जॉर्डन. बहुतेक वेळा गाडी इथेच अडकते. उत्तर आहे अ‍ॅलेक्स इंग्लिश. डेन्व्हर नगेट्सचा, दोन नंबरची जर्सी घालणारा, सहा फूट सात इंचांचा सडसडीत माणूस. सलग आठ हंगाम त्यानं दर हंगामाला २००० च्या वर गुण केले. त्याआधी हे कुणालाच जमलं नव्हतं. १९८२-८३ मध्ये सरासरी २८.४ गुणांसह तो लीगमध्ये पहिला आला. कारकिर्दीची बेरीज २५,६१३. एवढं करून सवरून हा माणूस लोकांच्या बोलण्यातून पार निसटला.

मलाही तो उशिराच भेटला. आमच्या पिढीला एनबीए दाखवली केबल टीव्हीनं, आणि त्या टीव्हीवर शिकागो बुल्सची लाल जर्सी सोडून फारसं काही दिसतच नसे. जॉर्डनच्या आधीही हा खेळ एवढ्या ताकदीनं खेळला जात होता, हे कळायला जुने सामने इंटरनेटवर येईपर्यंत थांबावं लागलं. तेव्हापासून रात्री घर झोपलं की मी जुन्या, पुसट, रंग उडालेल्या चित्रफिती बघत बसतो. अशाच एका रात्री १३ डिसेंबर १९८३ चा डेन्व्हर विरुद्ध डेट्रॉइट सामना हाती लागला. तीन वेळा जादा वेळ द्यावा लागला आणि शेवटी डेट्रॉइट १८६, डेन्व्हर १८४. एनबीएच्या इतिहासात एका सामन्यात याहून जास्त गुण आजवर झालेले नाहीत. आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून दोन्ही संघांच्या मिळून बास्केट पडल्या फक्त दोन! बाकी सगळं धावून, शिरून, आत जाऊन मिळवलेलं. डेन्व्हरच्या किकी वँडवेघेचे ५१, डेट्रॉइटच्या आयझाया थॉमसचे ४७, जॉन लाँगचे ४१. इंग्लिशचेही ४७.

गंमत अशी की सामना बघताना इंग्लिशचे ४७ गुण झालेत असं वाटतच नाही. डेन्व्हरच्या त्या जर्सीवर इंद्रधनुष्याचे पट्टे, त्यावर डोंगर आणि शहराच्या इमारती. डोळ्यांत भरणारी जर्सी, आणि तिच्या आतला माणूस मात्र अजिबात न भरणारा. तो पळतो तेव्हा पळतोय असं वाटत नाही, लांब लांब टांगा टाकत चालल्यासारखा दिसतो. चेंडू येतो, तो एका पायावर किंचित वळतो, उडी मारतो तीही फार उंच नाही. हात मात्र डोक्याच्या वर पूर्ण ताणलेला. चेंडू बोटांच्या टोकांवरून सुटतो, इतका वरून की समोरच्याचा हात तिथवर पोचतच नाही. खाली आल्यावर छाती ठोकणं नाही, मूठ उगारणं नाही. वळून बचावाला निघून जातो. मी तो एक शॉट मागे घेऊन घेऊन पाहिला आहे. त्यात एकही हालचाल जास्तीची नाही. आजच्या कुठल्याही प्रशिक्षकानं मुलांना समोर बसवून दाखवावा असा तो शॉट आहे.

मग लोक त्याला विसरले का? थोडी कारणं सरळ आहेत. त्याला एकदाही अजिंक्यपद मिळालं नाही. १९८५ मध्ये नगेट्स पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत लॉस एंजेलिस लेकर्ससमोर उभे ठाकले, तेव्हा चौथ्या सामन्यात इंग्लिशच्या अंगठ्याला दुखापत झाली आणि तिथेच कथा संपली. त्या दशकाची गोष्ट बॉस्टन आणि लॉस एंजेलिसनं वाटून घेतली होती. टीव्हीवाल्यांना दोनच पात्रं हवी होती, बॉस्टनचा बर्ड आणि लेकर्सचा मॅजिक जॉन्सन. डेन्व्हरच्या माणसाला त्या गोष्टीत जागा नव्हती. आणि इंग्लिशचा स्वभावही असा की त्यानं ती मागितली नाही. तो कविता लिहायचा, त्या छापूनही आल्या. इथिओपियात दुष्काळ पडला तेव्हा ऑल-स्टार सामन्याचे पैसे खेळाडूंनी मदतीला द्यावेत यासाठी तो पुढे झाला. १९९६ साली लीगनं आपल्या पन्नास सर्वश्रेष्ठ खेळाडूंची यादी काढली, त्यात तो नव्हता. २०२१ साली पंच्याहत्तर जणांची यादी काढली, मतं समान पडल्यामुळे तीत शहात्तर नावं आली, तरी तो नव्हता. मला हे मनापासून खटकतं. दहा वर्षं सगळ्यांत जास्त गुण करणाऱ्याला शहात्तरांतही जागा नसेल, तर यादी करणाऱ्यांनी त्याला खेळताना नीट पाहिलं नसावं.

तरीही इंग्लिशचं बरं म्हणायचं. त्याचे आकडे पुस्तकात आहेत, सामने चित्रित झालेले आहेत, हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या दालनात, तो १९९७ पासून आहे. ज्याला शोधायचं आहे त्याला तो सापडतो. ज्यांचा रकानाच कोरा राहिला त्यांची गोष्ट वेगळी आहे.

न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १९६० साली शाळा संपवून बाहेर पडलेली दोन मुलं होती, कॉनी हॉकिन्स आणि रॉजर ब्राउन. हॉकिन्स बॉइज हायस्कूलचा, ब्राउन विंगेटचा. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शहराच्या शालेय स्पर्धेत दोघे समोरासमोर आले. ब्राउननं ३९ गुण केले, हॉकिन्सनं १८. सामना मात्र हॉकिन्सच्या शाळेनं काढला. सतरा-अठरा वर्षांची पोरं, पण जाणत्यांना कळून चुकलं होतं की पुढच्या पंधरा वर्षांच्या बास्केटबॉलमध्ये ही दोन नावं असणार. हॉकिन्सचे पंजे एवढे मोठे की तो चेंडू एका हातात धरून हवेत फिरवायचा. ब्राउनची खासियत वेगळी. समोर बचावाला एकच माणूस असला की त्याचा तोल एका झटक्यात बिघडवायचा आणि तो सावरेपर्यंत बाजूनं निघून जायचं.

त्याच वर्षी जॅक मोलिनास नावाच्या माणसानं या पोरांशी सलगी केली. मोलिनास स्वतः नावाजलेला खेळाडू. फोर्ट वेन पिस्टन्सकडून खेळताना स्वतःच्याच संघावर पैजा लावल्यामुळे लीगनं त्याला १९५४ साली कायमचं हाकललं होतं. आता तो कॉलेजच्या सामन्यांत फिक्सिंग करायचा. गरीब घरच्या पोरांना जेवायला न्यायचं, फिरायला आपली गाडी द्यायची, ओळखी काढून घ्यायच्या, ही त्याची पद्धत. हॉकिन्स आयोवा विद्यापीठात गेल्यावर त्यानं मोलिनासकडून २०० डॉलर उसने घेतले. ते पैसे त्याच्या भावानं परतही केले. १९६१ साली प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा न्यू यॉर्कच्या सरकारी वकिलाच्या माणसांनी अठरा वर्षांच्या हॉकिन्सला वकिलाशिवाय बसवून दिवसचे दिवस प्रश्न विचारले. त्याच्यावर आरोप कधीच ठेवला गेला नाही. ठेवणार तरी कसा? त्या वेळच्या नियमाप्रमाणे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी कॉलेजच्या मुख्य संघातून खेळूच शकत नसे. जो सामना त्याला खेळताच येत नव्हता, तो त्यानं विकला कसा असता? पण एवढा साधा विचार करायला कुणी थांबलं नाही. आयोवानं हॉकिन्सला काढलं, डेटन विद्यापीठानं ब्राउनला, आणि एनबीएनं दोघांनाही दारं बंद केली. खटला नाही, सुनावणी नाही.

या दोघांची सगळी उमेदीची वर्षं या एका गोष्टीनं खाल्ली. हॉकिन्सनं मिळेल तिथे बास्केटबॉल खेळलं. एबीएल नावाची एक लीग निघाली, तिथे पिट्सबर्ग रेन्सकडून तो पहिल्याच हंगामात सर्वोत्तम खेळाडू ठरला. लीग १९६२ च्या अखेरीस बुडाली. मग हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या करमणुकीचे सामने करणाऱ्या संघासोबत चार वर्षं गावोगाव फिरून त्यानं लोकांना हसवलं. ब्राउन डेटनमध्येच राहिला, जनरल मोटर्सच्या कारखान्यात रात्रपाळी करायचा आणि हौशी संघांकडून खेळायचा. रात्री मशीनवर, दिवसा झोप, संध्याकाळी कुठल्या तरी जिममध्ये सामना. विशीतली ती वर्षं परत येत नाहीत. बास्केटबॉलपटूचे गुडघे तेव्हा जे करू शकतात, ते तिशीत करू शकत नाहीत. तेवढ्या वर्षांत त्यानं काय केलं असतं, याचा हिशेब कुणीच मांडू शकणार नाही.

१९६७ साली एबीए ही नवी लीग सुरू झाली, लाल-पांढऱ्या-निळ्या चेंडूची. इंडियाना पेसर्सनं एनबीएतल्या दिग्गज ऑस्कर रॉबर्टसनला विचारलं की संघात कुणाला घ्यावं. त्यानं ब्राउनचं नाव सांगितलं, आणि ब्राउन त्या संघाचा पहिलाच करारबद्ध खेळाडू झाला. पेसर्सनं १९७०, १९७२ आणि १९७३ ची अजिंक्यपदं जिंकली. १९७० च्या अंतिम फेरीत लॉस एंजेलिस स्टार्सविरुद्ध शेवटच्या तीन सामन्यांत ब्राउनचे गुण होते ५३, ३९ आणि ४५. अंतिम फेरीत लागोपाठ तीन सामन्यांत १३७ गुण! हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा चित्रफीत शोधायला धावलो. जे मिळालं ते फुटकळ तुकड्यांत. त्या लीगकडे टीव्हीचे पैसे नव्हते, त्यामुळे बहुतेक सामने ज्यांनी समोर बसून पाहिले त्यांच्या डोळ्यांतच राहिले.

हॉकिन्सच्या बाजूनं मात्र काही माणसं उभी राहिली. पिट्सबर्गचं एक वकील जोडपं, डेव्हिड आणि रोझलिन लिटमन. डेव्हिडचा भाऊ रेन्सचा मालक होता, त्या ओळखीतून हॉकिन्स त्यांच्याकडे आला. १९६६ साली त्यांनी एनबीएविरुद्ध दावा ठोकला: एका माणसाला पुराव्याविना रोजीरोटीपासून दूर ठेवणं बेकायदा आहे. वर्षानुवर्षं त्यांनी साक्षी, कागद, जुने जबाब खणून काढले. डेव्हिड वुल्फ या पत्रकारानं १९६९ साली लाइफ साप्ताहिकात सगळं प्रकरण उलगडून मांडलं आणि हॉकिन्सविरुद्धच्या पुराव्यात काहीच दम नाही हे देशानं वाचलं. त्याच उन्हाळ्यात लीगनं तडजोड केली, दहा लाख डॉलरच्या वर रक्कम देऊन. मधल्या काळात हॉकिन्सनं एबीएचा पहिलाच हंगाम गाजवून पिट्सबर्ग पायपर्सला अजिंक्यपद मिळवून दिलं होतं. सत्ताविसाव्या वर्षी तो फिनिक्स सन्सकडून एनबीएत उतरला. पहिल्या हंगामात सरासरी २४.६ गुण, आणि लीगच्या सर्वोत्तम पाच जणांच्या संघात निवड. ज्यांनी त्याला न्यू यॉर्कमधल्या रकर पार्कच्या सिमेंटवर एकोणिसाव्या वर्षी खेळताना पाहिलं होतं ते सांगत, हा आता पूर्वीचा कॉनी राहिलेला नाही.

तडजोडीनंतर ब्राउनलाही एनबीएत जाता आलं असतं. तो गेला नाही. ज्या शहरानं कारखान्यातून उचलून संघात घेतलं, त्या शहराला सोडायचं त्याच्या मनात नव्हतं. खेळत असतानाच तो इंडियानापोलिसच्या नगर परिषदेवर निवडूनही आला. १९७५ मध्ये तो थांबला, आणि पुढच्याच वर्षी पेसर्ससह एबीएचे चार संघ एनबीएत सामील झाले. म्हणजे एनबीएच्या दप्तरी रॉजर ब्राउनच्या नावावर एक मिनिटाचाही खेळ नाही. एबीएचे आकडे एनबीए आजही आपल्या आकड्यांत धरत नाही. १९९७ मध्ये यकृताच्या कर्करोगानं तो गेला, हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं २०१३ साली. हॉकिन्सला तो मान जिवंतपणी, १९९२ मध्ये मिळाला. आणि हॉकिन्सनं ज्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिलं तो पायपर्स संघ पुढे नावं बदलत बदलत १९७२ मध्ये बंदच पडला. मोठ्या खेळाडूची जर्सी संघ आपल्या छताला मानानं टांगून ठेवतो; इथे छप्परच उरलं नाही.

एबीएतल्या बाकीच्यांची तर दशाच झाली. निवृत्तिवेतन नाही, औषधाला पैसे नाहीत, अशा अवस्थेत म्हातारे होत गेलेल्या या उंच माणसांसाठी काही लोक वर्षानुवर्षं भांडले. २०२२ मध्ये एनबीए आणि खेळाडूंच्या संघटनेनं मिळून सुमारे अडीच कोटी डॉलर बाजूला काढले. तोवर त्यांतले कितीतरी जण जग सोडून गेले होते.

आता मॉरिस स्टोक्स. या सगळ्यांत माझा जीव जर कुणात अडकला असेल तर याच्यात.

पिट्सबर्गचा हा काळा मुलगा. सहा फूट सात इंच, अंगानं दांडगा, शंभर किलोंच्या वर वजन, आणि त्या देहात गार्डचे, म्हणजे चेंडू खेळवणाऱ्या चपळ खेळाडूचे, हात. पेनसिल्व्हेनियातल्या लोरेटो नावाच्या छोट्या गावातल्या सेंट फ्रान्सिस कॉलेजात तो शिकला. १९५५ मध्ये रॉचेस्टर रॉयल्सनं त्याला घेतलं. पहिल्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला. दुसऱ्या वर्षी त्यानं १,२५६ रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतरचे चेंडू, घेतले, तेव्हाचा लीगचा विक्रम. पण खरी गंमत पुढे आहे. १९५५ ते १९५८ या तीन हंगामांत लीगमध्ये त्याच्याइतके रिबाउंड कुणीच घेतले नाहीत, आणि असिस्टमध्ये, म्हणजे सहकाऱ्याला बास्केट मिळवून देणाऱ्या पासांत, त्याच्या पुढे एकटा बॉब कूझी. कूझी म्हणजे त्या काळाचा सगळ्यांत मोठा पॉइंट गार्ड. तेव्हाचे दांडगे खेळाडू रिबाउंड घेतला की चेंडू एखाद्या बुटक्या गार्डकडे सोपवून निवांत पुढे जायचे. स्टोक्स तो चेंडू स्वतःच ड्रिबल करत, सगळं कोर्ट ओलांडून, समोर दिसेल त्याला पास देत न्यायचा. आज ज्याला आपण आधुनिक बास्केटबॉल म्हणतो ते हा माणूस आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष असताना खेळत होता. त्यानं किती शॉट अडवले ते कुठेच लिहिलेलं नाही. एनबीएनं ते मोजायला सुरुवात केली १९७३-७४ मध्ये.

१९५६ साली रॉयल्सला नव्या खेळाडूंमधून सगळ्यांत आधी निवड करायची संधी होती. बिल रसेल समोर होता. रॉयल्सनं त्याला सोडून सी ग्रीनला घेतलं. रिबाउंडला आपल्याकडे स्टोक्स आहे, हा हिशेब त्यात होताच. रसेल बॉस्टनला गेला आणि तेरा वर्षांत अकरा अजिंक्यपदं घेऊन गेला. मी इथे नेहमी अडतो. १९६० मध्ये ऑस्कर रॉबर्टसन याच संघात आला. तोवर स्टोक्स धडधाकट राहिला असता तर? स्टोक्स आणि रॉबर्टसन एका संघात. रसेलच्या बॉस्टनला तेवढीच अजिंक्यपदं मिळाली असती का? मला नाही वाटत.

१२ मार्च १९५८, मिनियापोलिस. साखळीतला शेवटचा सामना. रॉयल्स तोवर रॉचेस्टरहून सिनसिनाटीला आले होते. स्टोक्स बास्केटकडे घुसला, धक्का लागला, आणि खाली येताना डोकं जमिनीवर आपटलं. तो बेशुद्ध पडला. त्याला अमोनिया हुंगवून शुद्धीवर आणलं, आणि तो पुन्हा खेळला. त्या काळी असंच करायचे. शुद्धीवर आला ना, मग बरा आहे. एक्स-रे नाही, रुग्णालय नाही. तीन दिवसांनी डेट्रॉइटमध्ये बाद फेरीचा सामना होता. त्यातही तो उतरला, १२ गुण, १५ रिबाउंड. परतीच्या विमानात त्याला उलट्या सुरू झाल्या, झटके आले, शुद्ध हरपली. काही आठवड्यांनी शुद्ध आली तेव्हा सगळं शरीर निकामी झालेलं होतं. बोलता येत नव्हतं, बोट हलवता येत नव्हतं. डोकं मात्र पूर्ण जागं. तो चोवीस वर्षांचा होता.

संघातला जॅक ट्वायमनही पिट्सबर्गचाच. गोरा, पोलाद कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा, स्टोक्सबरोबर त्याच वर्षी निवडलेला. राहायला सिनसिनाटीत होता. स्टोक्सचे आईवडील दूर पिट्सबर्गला. त्याचे बँकेतले पैसे उपचारांसाठी काढायचे तर तिथे, ओहायोत, कुणीतरी कायदेशीर अधिकार असलेलं माणूस हवं होतं. ट्वायमन पुढे झाला आणि न्यायालयानं त्याला स्टोक्सचा पालक नेमलं. तेव्हा ट्वायमन स्वतः तेवीस वर्षांचा, स्टोक्सपेक्षाही वर्षानं लहान. १९५८ च्या अमेरिकेत एका गोऱ्या पोरानं काळ्या सहकाऱ्याचं सगळं आयुष्य अंगावर घेणं ही काय गोष्ट होती, ते आज नीट समजणंही अवघड आहे.

सुरुवातीच्या दिवसांत बोलायची एकच रीत होती. ट्वायमन खाटेशी बसून इंग्रजी मुळाक्षरं एकेक करून म्हणायचा, बरोबर अक्षर आलं की स्टोक्स पापणी मिटायचा. पुन्हा पहिल्यापासून, पुढचं अक्षर. मी हे एकदा स्वतःशी करून पाहिलं. 'पाणी' एवढा एक शब्द अशा रीतीनं सांगायचा म्हटलं तरी घसा कोरडा पडतो. त्या दोघांनी अशी अख्खी वाक्यं, अख्खी संभाषणं केली. पुढे उपचारांनी स्टोक्स थोडं बोलायला, टंकलेखन करायला, रंगवायला शिकला. रविवारी ट्वायमनच्या घरी त्याला जेवायला आणत.

आणि मग कागदपत्रं. मला ट्वायमनबद्दल सगळ्यांत जास्त आदर वाटतो तो या कंटाळवाण्या भागासाठी. ना वैद्यकीय विमा, ना निवृत्तिवेतन. खेळाडूला कामावर इजा झाली तर ती कारखान्यातल्या कामगाराच्या इजेसारखीच धरावी, असा दावा लावून त्यानं ओहायोच्या कामगार भरपाई योजनेतून स्टोक्सला पैसे मिळवून दिले. तेवढ्यानं भागणार नव्हतं. न्यू यॉर्कच्या कॅट्सकिल डोंगरात कुट्शर्स नावाचं हॉटेल होतं. तिथे दर उन्हाळ्यात मोठ्या खेळाडूंचा मदत सामना सुरू झाला. विल्ट चेंबरलेनसारखे दिग्गज त्यासाठी येत. ट्वायमन दिवसा विम्याचा व्यवसाय करायचा, हंगामात रॉयल्सकडून खेळायचा, आणि उरलेल्या वेळात फोन फिरवायचा. बारा वर्षं. ६ एप्रिल १९७० रोजी स्टोक्स हृदयविकारानं गेला, छत्तिसाव्या वर्षी. त्याला लोरेटोत, त्याच्या कॉलेजच्या आवारात पुरलं.

माणूस गेला तरी ट्वायमनचं काम चालूच. तो ज्याला भेटेल त्याला सांगायचा की स्टोक्स हॉल ऑफ फेममध्ये असायला हवा. समोरून एकच उत्तर यायचं: तीनच हंगाम खेळला. ट्वायमन स्वतः १९८३ मध्ये तिथे गेला. स्टोक्सची पाळी आली २००४ साली, मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी. तो मान स्वीकारायला व्यासपीठावर सत्तरीचा जॅक ट्वायमन उभा होता.

रॉयल्स पुढे सिनसिनाटी सोडून कॅन्सस सिटीला गेले, तिथून १९८५ मध्ये सॅक्रामेंटोला, आणि नावही किंग्ज झालं. स्टोक्सची १२ नंबरची आणि ट्वायमनची २७ नंबरची जर्सी आज त्या संघानं मानानं राखून ठेवलेली आहे, ती दुसऱ्या कुणाला मिळत नाही, त्यांच्या कर्मभूमीपासून हजारो किलोमीटर लांब, जिथल्या लोकांनी या दोघांना आपल्या संघाकडून खेळताना कधी पाहिलंच नाही.

ट्वायमन २०१२ मध्ये गेला. दुसऱ्या वर्षीपासून एनबीए दरवर्षी उत्तम सहकारी म्हणून एका खेळाडूला ट्वायमन-स्टोक्स पुरस्कार देते. चांगली गोष्ट आहे. पण त्यामुळे आणखी एक विसर पडत चालला आहे, आणि तो मला सहन होत नाही. ट्वायमनचं नाव निघालं की लोक त्याच्या चांगुलपणाबद्दल बोलतात आणि तिथेच थांबतात. हा माणूस भन्नाट शूटर होता! शाळेच्या संघातून पुन्हा पुन्हा वगळला गेलेला, म्हणून एकट्यानं शेकड्यानं शॉट घोटत बसलेला. कोपऱ्यातून, दोन बचावपटू अंगावर असताना, तो चेंडू वर सोडायचा आणि तो पडायचा. १९५९-६० च्या हंगामात त्याची सरासरी ३१.२ होती. एनबीएत तोवर एका हंगामात तीसच्या वर सरासरी कुणालाच राखता आली नव्हती. त्या वर्षी ती दोघांनी राखली, एक विल्ट चेंबरलेन आणि दुसरा जॅक ट्वायमन. त्याच हंगामात एका सामन्यात त्यानं ५९ गुण केले. दिवसभर रुग्णालयाच्या चकरा मारणाऱ्या, दाव्यांचे कागद भरणाऱ्या माणसाचा हा हंगाम आहे. स्टोक्सची गोष्ट सांगताना मी हे आकडे आधी सांगतो, मग बाकीचं.